ऑपरेशन झालं, पुढे काय? बरं होण्यात मनाचा आणि घरच्या माणसांचा वाटा (सोलापूरकरांनी जरूर लिहा)

जुळे_सोलापूरकर

थिएटरचं दार उघडतं, डॉक्टर बाहेर येऊन "छान झालं" म्हणतात आणि आपण हुश्श करतो. त्यानंतर पेशंट कसा झोपतो, कानावर काय पडतं, कशाची धास्ती घेतो, शेजारी कोण बसतं, याकडे उपचार म्हणून कुणी बघत नाही. ते सगळं नशिबावर नाहीतर सुनेवर सोडलेलं असतं. माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलायची आहे. गड्ड्याची जत्रा झाल्यावरची तारीख घेतली आहे, कारण सिद्धेश्वराचे नंदीध्वज बघितल्याशिवाय ती दवाखान्यात पाय ठेवणार नाही. त्या निमित्ताने या विषयावर बरंच वाचलं. त्यातल्या दोन गोष्टींनी मला हलवलं, म्हणून हा धागा.

पहिली १९६४ सालची. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एगबर्ट आणि त्यांच्या सहकारी भूलतज्ज्ञांनी पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ पेशंटांचे दोन गट केले. एका गटाला आदल्या रात्रीच नीट सांगितलं: दुखणार आहे, इथे दुखेल, साधारण इतके दिवस दुखेल, पोटाचे स्नायू आवळून धरले की जास्त दुखतं, ते सैल असे सोडायचे, कुशीवर असं वळायचं. दुसऱ्या गटाला दुखण्याबद्दल काही सांगितलं नाही. सांगितलेल्या पेशंटांना पुढच्या पाच दिवसांत वेदनाशामक औषध जवळपास निम्मंच लागलं. सर्जनना कोण कुठल्या गटात आहे ते माहीत नव्हतं, तरी त्यांनी या लोकांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं. नवं औषध नव्हतं की नवं यंत्र नव्हतं. एक माणूस खाटेशेजारी बसून खरं बोलला होता.

दुसरी वाचून मी आईपेक्षा वहिनीचाच विचार करत बसले. ओहायोत जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ मध्ये तेरा अशा बायका घेतल्या, ज्या घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या पेशंटची सेवा करत होत्या. त्यांच्याच वयाच्या, ती जबाबदारी नसलेल्या आणखी तेरा घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम केली. सेवा करणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले.

तुमच्या घरी काय झालं, दवाखान्यात कशाने आधार वाटला, कशाने त्रास झाला, ते लिहा. घरच्यांनी आधीपासून काय ठरवून ठेवावं हे मला हवं आहे. "मन खंबीर ठेवा" एवढं सोडून काहीही चालेल.

वॉर्ड_सिस्टर

मी सर्जिकल वॉर्डात नोकरी करून निवृत्त झाले. तुमची शेवटची ओळ वाचून बरं वाटलं.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका दुखतंय म्हणून सांगत नाहीत. राउंडला डॉक्टर विचारतात, "कसं वाटतंय आजी?" आजी म्हणतात, "बरं हाय." डॉक्टर पुढच्या खाटेकडे जातात. मी मागे थांबून म्हणायची, "आजी, एकदा खोकून दाखवा." आजी पोटावर हात दाबून नुसता घसा खाकरायच्या, खोकायला धजायच्याच नाहीत. ज्याला खोकता येत नाही त्याच्या छातीत कफ साठतो, ताप येतो, कधी न्यूमोनिया होतो. म्हणून निजलेल्या माणसाला दुखतंय का विचारून उपयोग नाही. उठताना, वळताना, खोकताना किती दुखतं ते विचारायचं, आणि दहापैकी किती ते सांगायला लावायचं. आकडा कळत नसेल तर "काल याच वेळेपेक्षा कमी की जास्त" एवढं पुरतं. तुमच्या आईला आत्तापासून बजावून ठेवा की दुखणं लपवण्यात शौर्य नाही. वेळेवर गोळी घेतली तर दुसऱ्या दिवशी चालता येईल.

भेटायला येणाऱ्यांबद्दल सविस्तर नंतर लिहिते, तो मोठा विषय आहे.

शंकासुर

धागा चांगला आहे, पण तोल राहावा म्हणून लिहितो. तेरा आणि तेरा म्हणजे फार लहान अभ्यास. खिडकीतून झाड दिसणाऱ्या पेशंटांचा रॉजर उलरिच यांचा १९८४ चा प्रसिद्ध अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. पेनसिल्व्हेनियातल्या एका दवाखान्यातले पित्ताशयाच्या ऑपरेशनचे ४६ पेशंट, अर्ध्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, अर्ध्यांना विटांची भिंत. झाडंवाले साधारण पाऊण दिवस आधी घरी गेले आणि तीव्र वेदनाशामकं कमी घेतली. पण तो जुन्या नोंदी चाळून केलेला अभ्यास आहे.

ऑपरेशनपूर्वीच्या मानसिक तयारीवर २०१६ मध्ये कोक्रेनचा (वैद्यकीय पुरावे तपासणारी संस्था) आढावा आला. शंभराहून जास्त प्रयोग एकत्र केले होते. दुखणं थोडं कमी, मुक्काम सरासरी साधारण अर्धा दिवस कमी, आणि पुरावा कमी दर्जाचा, असा निष्कर्ष होता. म्हणजे परिणाम आहे, पण माफक आहे.

माझी खरी भीती वेगळी आहे. उद्या एखाद्याची जखम चिघळली की नातेवाईक म्हणतील, "यानेच मनाने हाय खाल्ली." साखर वाढली असेल, जंतुसंसर्ग असेल, रक्तपुरवठा कमी असेल, ते कुणी बघणार नाही. आजारी माणसाच्या माथी हे खापर फोडू नका.

जुळे_सोलापूरकर

शंकासुर, शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन. म्हणूनच मला पेशंटच्या मनापेक्षा त्याच्या भोवतालाबद्दल बोलायचं आहे. आईने घाबरू नये ही तिची जबाबदारी नव्हे. तिला घाबरवणाऱ्या गोष्टी कमी करणं आमच्या हातात आहे.

भूलवाली_बाई

मी भूलतज्ज्ञ आहे, सोलापुरातच काम करते.

अर्धा दिवस म्हणजे कमी वाटतो, पण तो फुकट मिळतोय आणि त्याला दुष्परिणाम नाहीत हेही बघा. आतमध्ये काय होतं ते थोडक्यात सांगते. भीती आणि न भागलेलं दुखणं यामुळे शरीर कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन सोडतं. जखम भरायला सुरुवातीला दाह लागतो, पेशींना तिथे बोलावणारे निरोप लागतात. कॉर्टिसॉल जास्त वेळ चढं राहिलं की ते निरोप दबतात. अ‍ॅड्रेनलिनने कातडीकडच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखमेला प्राणवायू कमी पोचतो. मधुमेह असेल तर साखरही चढते. झोप मोडली की हे सगळं आणखी वाढतं. त्यामुळे "मनाचं" आणि "शरीराचं" अशी वाटणी आमच्या कामात करता येत नाही.

इटलीतल्या तुरिनचे फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. ऑपरेशननंतर वेदनाशामक इंजेक्शन पेशंटला सांगून समोर दिलं तर जास्त लागू पडतं. तेच औषध न सांगता यंत्रातून सोडलं तर तितकाच आराम मिळायला जास्त मात्रा लागते. म्हणून आमच्या रिकव्हरीतल्या मुलींना मी सांगते, सलाईनमध्ये औषध सोडताना पेशंटला मोठ्याने सांगा, "मावशी, आता दुखण्याचं औषध दिलंय, थोड्या वेळात उतार पडेल."

ऑपरेशनआधी भेटायला आलात की आम्हा भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी खऱ्या सांगा. एक, मिश्री. विडी वळून आयुष्य गेलेल्या आमच्या कितीतरी मावश्या रोज मिश्री लावतात आणि विचारलं की "तंबाखू नाही खात" म्हणतात. सून शेजारी असते, लाज वाटते. मी सुनेला बाहेर पाठवून विचारते. मिश्रीतही निकोटीन असतं आणि त्यानेही रक्तवाहिन्या आवळतात. चार आठवडे आधी बंद झाली तर उत्तम. दुसरी, उपास. "काल संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही" असं अभिमानाने सांगणारे रोज भेटतात. जेवण सहा ते आठ तास आधी थांबवायचं हे खरं, पण साधं पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या भूलतज्ज्ञाला विचारून घ्या. मे महिन्याच्या उकाड्यात रात्रभर कोरड्या घशाने तळमळलेला माणूस टेबलावर येतो तेव्हा अर्धा गळालेला असतो.

पूर्वभाग

आमची अव्वा तेलुगू बोलते. साठ वर्षं सोलापुरात राहून तिला बाजारापुरती मराठी येते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पहिले दोन दिवस ती गप्प होती, डोळे मिटून. आम्हाला वाटलं वयामुळे. रात्रपाळीला एक सिस्टर आल्या, आमच्याच साखर पेठेकडच्या. त्यांनी तेलुगूत विचारलं तसं अव्वाने घडाघडा सांगितलं: पायापेक्षा पाठ दुखतेय, लघवीच्या नळीची लाज वाटतेय, आणि "मला इथंच मारायला ठेवलंय का?" ती दोन दिवस हे मनात घेऊन पडली होती. पाठीला उशी दिली, नळी कधी काढणार ते सांगितलं. सकाळी चहा मागितला.

ज्यांच्या घरी कन्नड किंवा तेलुगू बोलतात त्यांनी दवाखान्यात सांगून ठेवा, आणि रात्री घरचंच माणूस शेजारी ठेवा.

आमच्यात दुसरा प्रश्न मजुरीचा. माझ्या मोठ्या भावाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. लूम (यंत्रमाग) बंद तर पगार बंद. वजन उचलायला बंदी असताना तो सुताची जड बिमं उचलायला गेला. त्याला धीर द्यायला सगळे होते. आठवड्याचा बाजार भरून देतो म्हणणारे मात्र दोघंच निघाले, आणि त्यांच्यामुळेच तो पुढे घरी थांबला.

कडकभाकरी

पूर्वभाग यांनी बाजाराचं लिहिलं, मी पाण्याचं लिहिते. माझं पिशवीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाल्या सहा आठवडे जड उचलायचं नाही. आपल्या गावात पाणी काही रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पिंपं, बॅरल, कळश्या सगळं भरून घ्यावं लागतं, मग ते रात्री दोनला येवो. मी खाटेवर पडून नळाची चाहूल घ्यायची. झोप लागायची नाही. नवरा चांगला आहे, पण त्याला कुठलं भांडं कशासाठी ते ठाऊक नाही, आणि सासूबाई म्हणायच्या, "आमच्या वेळी तिसऱ्या दिवशी भाकरी थापायला बसलो."

पुरुषाचं ऑपरेशन झालं की बायको दवाखान्यात मुक्कामाला असते. बाईचं झालं की कोण राहणार यावर घरात बैठक बसते. शेवटी माहेराहून बहीण येते, तीही आपली पोरं शेजारणीकडे टाकून. डिस्चार्ज मिळाला की बाई बरी झाली असं धरून चालतात, कारण ती घरात दिसायला लागते. हे मी रागाने लिहीत नाहीये, पण हे कुठेतरी लिहिलं जायला हवं होतं.

जुळे_सोलापूरकर

कडकभाकरी, तुमचं वाचून थांबले. १९८९ मधला कुलिक आणि मालर यांचा बायपासच्या पेशंटांचा अभ्यास मी वाचला होता. ज्यांची बायको दवाखान्यात जास्त भेटायला यायची त्यांनी वेदनाशामकं कमी घेतली आणि ते लवकर घरी गेले. त्यातले पेशंट पुरुष होते. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर ही गोष्ट वेगळी दिसली.

आईसाठी आम्ही पाण्याच्या दिवशी कोण थांबणार हे लिहून काढलं. हे ऑपरेशनच्या तयारीत येतं असं आधी सुचलंच नव्हतं.

आता एक अडलंय. भाऊ म्हणतोय स्पेशल रूम घेऊ, आईला शांतता मिळेल. त्याच संशोधकांचा १९९६ चा अभ्यास उलट सांगतो. बायपासच्या आधी ज्यांच्या खोलीत ऑपरेशन झालेला सोबती होता, ते कमी घाबरले, नंतर जास्त चालले आणि लवकर सुटले. ज्यांना खोलीत सोबतीच नव्हता त्यांचं बरं होणं साधारणपणे सगळ्यात सावकाश झालं. काय करावं?

वॉर्ड_सिस्टर

दोन खाटांची खोली मिळाली तर बघा. वॉर्डात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. कालच गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई वॉकर धरून संडासला जाताना दिसली की उद्याच्या बाईचा चेहरा बदलतो. डॉक्टरांनी तासभर समजावून जे होत नाही ते तेवढ्याने होतं. पण शेजारचा पेशंट फार अत्यवस्थ असेल, रात्रभर कण्हत असेल, तर खोली बदलून मागा, संकोच करू नका. स्पेशल रूमच घेतली तर ऑपरेशन होऊन बरी झालेली कुणी बाई आधी एकदा घरी बोलवा आणि आईला तिच्याशी एकटीने बोलू द्या.

आता भेटणाऱ्यांचं. आपल्याकडे बघायला येणं ही माया आहे, ती तोडू नये. पण शहाळं हातात देऊन खुर्चीत बसलेला माणूस दहा मिनिटांत सुरू होतो: "आमच्या मेव्हण्याचं असंच झालं, मग पू झाला, मग पुण्याला न्यावं लागलं." पेशंट ऐकत असतो. तो हसतो, मान डोलावतो, आणि रात्री मला विचारतो, "सिस्टर, माझ्या टाक्यात पू झाला नाही ना?" दारात एक ठाम माणूस बसवा, शक्यतो आत्या किंवा मोठी काकू, जिला कुणी उलट बोलत नाही. तिने आत सोडण्यापूर्वीच सांगायचं की दवाखान्याच्या गोष्टी काढायच्या नाहीत. आणि आलेल्याला काम द्या. "काका, यांना व्हरांड्यात एक फेरी मारून आणता का?" काकांनाही बरं वाटतं.

भात खाल्ला की टाके पिकतात, हेही याच खुर्चीतून येतं. तसं काही नाही. वरणभात, अंडं, शेंगांची चटणी, जे पचेल ते खाऊ द्या. डॉक्टरांनी जे पथ्य सांगितलंय तेवढंच पाळा.

अमावास्येला ऑपरेशन नको असं पेशंटला मनापासून वाटत असेल आणि घाई नसेल, तर तारीख एका दिवसाने पुढे मागावी असं माझं मत आहे. देवाचा अंगारा उशाशी ठेवू द्या. जखमेला लावू नका.

शंकासुर

अमावास्येबद्दल माझं मन राजी होत नाही, पण घाई नसेल तर वाद घालणार नाही. दारातल्या आत्याला माझा पाठिंबा.

फिजिओ_बार्शी

गुडघ्याच्या पेशंटांबद्दल लिहितो. वाटी बदलल्यावर दुखणं असतंच, पण मला जास्त अडवते ती हलण्याची भीती. "पाय वाकवला तर आतलं निसटेल" असं मनात बसलेलं असतं. मग पेशंट पाय लाकडासारखा ताठ धरून बसतो, गुडघा आखडतो, पोटऱ्यांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

या भीतीला घरचेच खतपाणी घालतात, आणि तेही प्रेमापोटी. "उठू नको, मी देतो." पाणी हातात, ताट हातात. तिसरं म्हणजे गुडघ्याखाली मऊ उशी. आराम वाटतो म्हणून मुलगी उशी सारते आणि तो गुडघा पुढे सरळच होत नाही. उशी द्यायचीच तर घोट्याखाली द्या, म्हणजे गुडघा आपोआप सरळ होतो. पाण्याचा तांब्या चार पावलांवर ठेवा आणि आईला उठून घेऊ द्या. तुम्ही शेजारी उभे राहा. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक गोळी द्या, ती डॉक्टरांनी ठरवून दिलेली. आणि व्यायाम करताना दुखलं तर "काही बिघडलं का?" असं तोंडातून काढू नका. "दुखतंय म्हणजे काम चाललंय" हेही बोलू नका. किती दुखलं ते विचारा आणि वहीत लिहा. चार दिवसांनी वही तिलाच दाखवा.

पोटरी एकदम सुजली, लाल झाली, दम लागला, जखमेतून पाणी यायला लागलं, ताप आला, तर मात्र धीर देत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

हिप्परगा

माझं बायपास झालं. छातीची जखम भरून आली, डॉक्टर खूश. आणि मी घरी येऊन रडत होतो. टीव्हीवर काहीही लागलं की रडू. पोरं म्हणायची, "पप्पा, आता तर सगळं ठीक आहे." कार्डिओलॉजिस्टनी सांगितलं की हृदयाच्या ऑपरेशननंतर असं उदास वाटणं पुष्कळांना होतं, आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर त्यावर उपचार घ्यायचे असतात. हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं असतं तर मी एकटा कुढत बसलो नसतो. रोज सकाळी कंबर तलावाकडे फिरायला जाणारे चार जण होते. त्यांनी मला ओढून नेलं, कुणी काही विचारलं नाही. त्याचा उपयोग झाला, आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या गोळ्यांचाही झाला.

वॉर्ड_सिस्टर

हिप्परगा यांच्या निमित्ताने आणखी एक, फार महत्त्वाचं. वय झालेला माणूस ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री भ्रमिष्टासारखं बोलतो, सलाईन उपटतो, मेलेल्या भावाला हाक मारतो. घरचे घाबरून बाहेरची बाधा समजतात, कुणी लिंबू आणतं. याला डिलिरियम म्हणतात. जंतुसंसर्ग, शरीरात पाणी कमी होणं, काही औषधं, अडलेली लघवी, अशी कारणं असतात आणि ती शोधायची असतात. ताबडतोब डॉक्टरांना सांगा.

तो टाळायला घरच्यांना पुष्कळ करता येतं. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र हे सगळं "हरवेल" म्हणून घरी ठेवून येतात. ते घेऊन या. ऐकू न येणारा, न दिसणारा माणूस अनोळखी खोलीत अंधारात जागा झाला तर काय होईल? भिंतीवर घड्याळ आणि कालनिर्णय लावा, दिवसा पडदे उघडे ठेवा, रात्री दिवे मंद करून झोपू द्या, दिवसातून काही वेळा चालवा. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या शॅरन इनोये यांनी सत्तरीपुढच्या ८५२ पेशंटांवर हेच करून पाहिलं. १९९९ मध्ये निकाल आला: नेहमीच्या वॉर्डात १५ टक्क्यांना डिलिरियम झाला, या पद्धतीने सुमारे १० टक्क्यांना. ते मेडिकल वॉर्डातले पेशंट होते, ऑपरेशनचे नव्हते. पण सर्जिकल वॉर्डातही आम्ही याच गोष्टी करायचो.

भूलवाली_बाई

चष्म्याच्या डबीवर पेशंटचं नाव चिकटवून आणा आणि रिकव्हरीत सिस्टरच्या हातात द्या. शुद्धीवर येताच चष्मा लावला आणि नावाने हाक मारली की पेशंट निम्मा शांत होतो.

माढेकर

उशिरा आलो. वडिलांचं डाव्या गुडघ्याचं झालंय, उद्या डिस्चार्ज. घर पहिल्या मजल्यावर. ते जिन्याला फार घाबरलेत, "मला खालीच सतरंजी टाका" म्हणतायत. काय करू?

फिजिओ_बार्शी

डिस्चार्जआधी तिथल्या फिजिओकडून जिना एकदा करवून घ्या, त्याशिवाय निघू नका. चढताना चांगला पाय आधी वर, मग ऑपरेशनचा पाय आणि काठी. उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी खाली, मग चांगला. एका हाताने कठडा धरायचा. तुम्ही चढताना त्यांच्या मागे एक पायरी खाली, उतरताना त्यांच्या पुढे. मधल्या पायरीवर दम खायला थांबले तर थांबू द्या, आणि जिन्यात शेजाऱ्यांची गर्दी होऊ देऊ नका.